पगारमर्यादेवर चिडलेल्या वाचकास

नमस्कार,

ला लीगा या स्पेनच्या फुटबॉल लीगमधल्या 2025 च्या उन्हाळी खेळाडू-बदल्यांवरचा माझा लेख तुम्हाला अजिबात पटला नाही, आणि तुम्ही ते आडपडदा न ठेवता लिहिलंत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लीगनं क्लबांना घातलेल्या पगारमर्यादेनं स्पॅनिश फुटबॉलची कोंडी केली आहे, बिल्बाओचा निको विल्यम्स त्यामुळेच बार्सिलोनाच्या हातून गेला, चांगले खेळाडू इंग्लंडची वाट धरताहेत आणि मी मात्र लीगचे अध्यक्ष तेबास यांची वकिली करतोय. क्लबचा पैसा क्लबनं हवा तसा खर्च करावा, लीगनं त्यात नाक खुपसू नये.

तेबास यांचं बरंच काही मलाही पटत नाही. पण हा नियम आला कुठून, ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठेच नाही.

2011 चा ऑगस्ट आठवा. बार्सिलोना युरोपचा विजेता होता आणि त्याच देशात लीगची पहिली फेरी पुढे ढकलावी लागली, कारण खेळाडू संपावर गेले होते. दोनशेहून अधिक खेळाडूंचे मिळून सुमारे 5 कोटी युरो थकले होते. 2013 पासूनचं आर्थिक नियंत्रण यातून आलं. क्लबच्या उत्पन्नातून इतर खर्च आणि कर्जाचे हप्ते वजा करायचे. उरेल तेवढंच संघावर खर्चायचं. यात प्रशिक्षकाचा पगारही धरला जातो. करार कितीही मोठा करा, मर्यादेत बसत नसेल तर लीग खेळाडूची नोंदणी करत नाही.

हा चाबूक फक्त बार्सिलोनासाठी आहे असं वाटत असेल तर एल्चेकडे बघा. 2015 मध्ये हा संघ मैदानावर तेराव्या क्रमांकावर होता, तरी थकबाकीमुळे त्याला खालच्या श्रेणीत ढकललं आणि अठराव्या क्रमांकावरचं एइबार वाचलं. तेव्हा मोठ्या क्लबांच्या चाहत्यांपैकी किती जण हळहळले?

आणि ओव्हिएदो. 2003 मध्ये खेळाडूंचे पगार थकवल्यामुळे हा क्लब थेट चौथ्या श्रेणीत गेला. 2012 मध्ये तर कुलूप लागायची वेळ आली होती. तेव्हा जगभरच्या चाहत्यांनी शेअर घेतले. इंग्लंडमध्ये खेळत असलेल्या काझोर्ला, माता आणि मिचू यांनीही घेतले. तिघेही याच क्लबच्या अकादमीतून आलेले. 2023 मध्ये काझोर्ला परतला तो किमान पगारावर. जून 2025 मध्ये मिरांदेसविरुद्धच्या बढतीच्या प्लेऑफ अंतिम सामन्यात चाळिशीच्या या माणसानं पेनल्टीवर गोल केला आणि ओव्हिएदो 24 वर्षांनी पहिल्या श्रेणीत आलं. त्याच उन्हाळ्यात एल्चेही वर आलं. बदल्यांच्या बातम्यांत या दोन गावांना चार ओळी मिळाल्या. माझ्या मते उन्हाळ्यातली सगळ्यात मोठी बातमी तीच होती.

आता निको. बिल्बाओनं त्याचा करार 2035 पर्यंत वाढवला आणि करारमुक्तीची रक्कम (ती भरली की दुसरा क्लब खेळाडूला नेऊ शकतो) निम्म्याहून अधिक वाढवली. आधीची रक्कम साधारण 5.8 कोटी युरो होती. बार्सिलोना ती भरूही शकलं असतं, पण अडचण पुढची होती. आदल्या वर्षी बार्सिलोनात दानी ओल्मोचं काय झालं ते निकोनं पाहिलं होतं. साडेपाच कोटींच्या आसपास मोजून आणलेला खेळाडू सहकारी ख्रिस्तेन्सेनच्या दुखापतीमुळे मर्यादेत मिळालेल्या सवलतीच्या आधारे डिसेंबरपर्यंतच नोंदला गेला, 1 जानेवारीला यादीबाहेर पडला आणि सरकारी क्रीडा परिषदेच्या तात्पुरत्या आदेशानं परत आला. नुकताच युरो चषक जिंकलेल्या खेळाडूची ही फरफट! निकोच्या जागी तुम्ही असता तर गेला असता?

2025 च्या उन्हाळ्यात बार्सिलोनाचा नवा गोलरक्षक जोआन गार्सियाच्या वेळी तेच. तशीच सवलत मिळवायला आधीचा गोलरक्षक टेर स्टेगनच्या दुखापतीचे वैद्यकीय कागद लीगकडे पाठवायचे होते, तो सही करेना, म्हणून 7 ऑगस्टला क्लबनं त्याचं कर्णधारपद काढलं. त्यानं सही केल्यावर दुसऱ्या दिवशी ते परत दिलं. पाठीची शस्त्रक्रिया झालेल्या आपल्याच कर्णधाराशी असं वागायचं? ही वेळ नियमानं नाही, आधीच्या वर्षांत वाटलेल्या पगारांनी आणली. मेस्सी 2021 मध्ये याच हिशेबानं गेला, आणि ते मला आजही बोचतं.

इंग्लंडचा तुमचा मुद्दा खरा आहे, आणि तो मलाही सलतो. विल्यारेआल चॅम्पियन्स लीग खेळणार होतं, तरी त्यांचा येरेमी पिनो क्रिस्टल पॅलेसला गेला. सुबिमेंदी आर्सेनलला गेला. पण तिथे मुळात टीव्ही प्रक्षेपण हक्कांचा पैसाच कितीतरी जास्त आहे. मर्यादा उठवली म्हणून विल्यारेआलच्या तिजोरीत एक युरोही वाढणार नाही. तफावत भरायला ते कर्ज काढतील आणि आपण परत 2011 मध्ये जाऊ.

शाबी आलोन्सोवर मी एकच परिच्छेद लिहिला ही तक्रारही वाचली. रेआल माद्रिदचे प्रशिक्षक आन्चेलोत्ती ब्राझीलच्या संघाकडे गेले आणि जर्मनीच्या लेवरकुसेनला विजेतेपद मिळवून देणारा क्लबचा जुना खेळाडू त्यांच्या जागी आला. या बदलावर सगळीकडे भरभरून लिहिलं गेलंय. सेव्हियावर मात्र कुणी लिहिलं नाही. त्या उन्हाळ्यात मर्यादा तळाला गेलेली, बादे आणि लुकेबाकिओ विकलेले, आणि तेव्हाचे नवे प्रशिक्षक आल्मेयदा यांच्या हाती विनामूल्य आलेले अलेक्सिस सांचेस आणि आस्पिलिकुएता. म्हणून मी तिकडे जास्त शब्द दिले.

नियमात एक बदल मात्र मलाही हवा आहे, आणि तिथे कदाचित आपलं जमेल. 2025 मध्ये लीग ऑगस्टच्या मध्यावर सुरू झाली, बदल्यांची खिडकी (खेळाडू घेण्याची मुदत) 1 सप्टेंबरला बंद झाली. पहिल्या सामन्याच्या तोंडावर बार्सिलोनाच्या नव्या खेळाडूंची, रॅशफर्डची आणि गार्सियाची, नोंदणी होईल की नाही, हेच सगळे बघत होते. नोंदणीची शेवटची तारीख पहिल्या फेरीच्या आधी ठेवा, आणि दुखापतीच्या आधारे मिळणारी सूट हंगामाच्या मध्यावर संपू देऊ नका, म्हणजे ओल्मोसारखं कुणाचं होणार नाही.