सरांना विचारून सांगतो

ग्वाल्हेरात गाडी घ्यायची तर ती मेळ्यात घ्यायची, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माधवराव शिंद्यांनी 1905 साली गुरांचा बाजार म्हणून हा मेळा सुरू केला. पुढे गुरं मागे पडली, गाड्या आल्या आणि दात बघायचं काम तेवढं गिऱ्हाइकाकडून विकणाऱ्याकडे गेलं. मेळ्यात घेतलेल्या गाडीचा अर्धा रोड टॅक्स मध्य प्रदेश सरकार माफ करतं. अट एवढीच की गाडीची नोंदणी ग्वाल्हेरच्या आरटीओत व्हायला हवी. म्हणून भोपाळ-इंदुरात एमपी 07 नंबरच्या कितीतरी गाड्या फिरताना दिसतात. त्यांच्या मालकांनी ग्वाल्हेरचा किल्ला सोडाच, मेळ्यातला पापडसुद्धा धड खाल्लेला नसतो.

आम्ही हेरलेल्या गाडीवर या सवलतीचे साधारण 34,000 रुपये सुटत होते. मी उभी हयात एजी ऑफिसात, म्हणजे महालेखापालांच्या कचेरीत, दुसऱ्यांच्या खर्चावर लाल शेरे मारण्यात घालवली. त्यामुळे हे 34,000 आपल्याच खिशात राहणार याविषयी माझ्या मनात शंका नव्हती. ‘यांच्यापुढे शोरूमवाल्याचं काय चालणार,’ असं हीसुद्धा सगळ्यांना सांगत सुटली होती.

मेळा भरतो डिसेंबरच्या अखेरीस आणि सवलतीचा आदेश भोपाळहून निघायला बहुधा जानेवारी उजाडतो. या मधल्या दिवसांत अख्खं ग्वाल्हेर नुसतं ‘आला का? आला का?’ करत असतं. गाडी पसंत असते, पैसे तयार असतात, पण बिल फाडायला कुणी धजावत नाही. शोरूमवाले तेवढ्यात बुकिंग घेऊन ठेवतात. एकदा का अकरा हजार भरले, की तुम्ही गिऱ्हाईक राहत नाही, घरचे होता. घरच्यांना कोण सूट देतं?

आमच्या बाबतीत तर ते घरचेपण पहिल्या पाच मिनिटांतच सिद्ध झालं. काउंटरवरच्या मुलाने फॉर्मवर आडनाव वाचलं आणि एकदम हिंदी सोडून म्हणाला, ‘अय्या, काका, तुम्ही मराठी? जनकगंजातले का?’

पुण्यात मराठी सेल्समन भेटण्यात नवल काही नाही. ग्वाल्हेरच्या आमच्या लश्कर भागात मात्र मराठी माणूस भेटला की तो कुणाचा ना कुणाचा भाचा निघतोच. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये इथे छावणी टाकली, तेव्हापासून आम्ही मोजकी घरं आपापसांतच मुली देत-घेत आलोय. याची मावशी निघाली आमच्या मागच्या गल्लीतली, आणि तिच्या मुंजीला (म्हणजे तिच्या मुलाच्या) आम्ही जेवून आलेलो. आता ज्या घरची जिलबी खाल्ली त्या घरच्या पोराशी घासाघीस करायची कशी? मी ‘काही कमी होईल का’ एवढं म्हटलं, तर तो असा काही दुखावला की मलाच ओशाळल्यासारखं झालं. ‘काका, तुमच्याकडून मी जास्त घेईन का?’

मी म्हटलं, ‘अरे, पण दसऱ्याला तीस हजारांची सूट होती. पेपरात जाहिरात आली होती.’

‘ती दसऱ्याची, काका. आता मेळा आहे. टॅक्स सुटतोच आहे ना!’

म्हणजे सरकारने एका दाराने 34,000 आत सोडायचे आणि यांनी दुसऱ्या दाराने 30,000 काढून घ्यायचे. मधले चार हजार आमच्या हुशारीचे. शिवाय सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 वर आला, तोही हा मुलगा ‘आम्ही कमी केले’ म्हणून सांगत होता. मी त्याला 22 तारखेसकट आठवण करून दिली. तो म्हणाला, ‘तेच की, काका. आम्ही लगेच लागू केला.’

मग कोटेशन आलं. या कागदाचं वाचन सावकाशच व्हायला हवं. सगळ्यात वर ठळक अक्षरांत एक्स-शोरूम किंमत, जिच्याविषयी कुणाचीच तक्रार नसते. त्याखाली अक्षर बारीक होत जातं आणि रक्कम फुगत जाते. ‘हँडलिंग अँड लॉजिस्टिक – 7,500.’ मी विचारलं, हे कशाचे? तर गाडी कारखान्यातून इथवर आणली त्याचे. पण तो खर्च वरच्या किमतीत धरलेलाच असतो. कारखान्यात जाऊन गाडी घ्यायची सोय असती तर मी तिथेच गेलो असतो. त्याखाली ‘नंबरप्लेट – 1,100.’ 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाडीला सुरक्षा नंबरप्लेट कंपनीनेच द्यायची, हा नियम मी त्याला ऐकवला. त्याने निमूटपणे त्या रकमेवर रेघ मारली आणि बाजूला ‘डॉक्युमेंटेशन – 1,100’ असं लिहिलं. आपल्या पूर्वजांनी उत्तरेत येऊन चौथाई आणि सरदेशमुखी वसूल केली, तिचा हिशेब कुणीतरी इतकी वर्षं जपून ठेवला असावा आणि आता आमच्याकडून हप्त्याहप्त्याने वळता करून घेत असावा, असं मला राहून राहून वाटलं.

‘एसेन्शियल किट – 14,999.’ यात पायपुसणी, चिखल अडवायचे फ्लॅप, सीटकव्हर, गाडी झाकायचं कापड, एक सुगंधी डबी आणि डॅशबोर्डवर चिकटवायचा गणपती. ‘किट ऐच्छिक आहे का?’ मी विचारलं. ‘हो काका, पूर्ण ऐच्छिक. फक्त सगळ्या गाड्यांत आधीच बसवलेलं आहे.’ गणपती काढायला सांगण्याची माझी छाती होईना.

आणि विमा 51,300. इथे मात्र मी पुरता तयार होतो. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा तीन वर्षांचा घ्यावा लागतो. त्याचा दर सरकारी असतो, तो कुणाच्या बापाला बदलता येत नाही. 2022 मध्ये ठरलेल्या दराने 1000 ते 1500 सीसीच्या गाडीला 10,640 रुपये. म्हणजे सगळा खेळ उरलेल्या चाळीस हजारांत. तोच विमा, त्याच सगळ्या उपकलमांसह, लेकीने पुण्यात बसून फोनवर 33,000 मध्ये काढून दाखवला होता. विमा कुठून घ्यायचा हा हक्क गिऱ्हाइकाचा असतो. हे म्हटल्याबरोबर पोराचा आवाज खाली आला. डॉक्टर नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलतात तसा तो बोलू लागला, ‘घ्या ना काका बाहेरून. पण उद्या काही झालं, देव न करो, तर क्लेम आम्हाला बघता येणार नाही.’

कॅशलेसचा, म्हणजे खिशातून पैसे न भरता दुरुस्तीचा, करार विमा कंपनीचा आणि वर्कशॉपचा असतो, पॉलिसी कुणी विकली याच्याशी त्याचा संबंध नसतो. आणि लेकीने निवडलेल्या कंपनीच्या यादीत याच शोरूमचं वर्कशॉप होतं. मी फोनवर ती यादी त्याच्यापुढे धरली. त्याने ती अगदी आदराने पाहिली आणि तो उठला. ‘सरांना विचारून सांगतो.’

सर काचेच्या केबिनमध्ये असतात. पोरगा आत जातो, आपल्याला पाठमोरा दिसतो, मान हलवतो आणि आत गेला त्याच चेहऱ्याने बाहेर येतो. ‘सर नाही म्हणतायत, पण मी तुमच्यासाठी भांडलो.’ पोरगा आपल्या बाजूचा असतो, सर कंपनीच्या बाजूचे असतात आणि सरांशी बोलायची सोय नसते. दुपारपर्यंत तो माझ्यासाठी इतका भांडला की मलाच त्याची दया येऊ लागली. शेवटी मी हट्ट धरून केबिनमध्ये शिरलो. सर भले निघाले. त्यांनी चहा मागवला, गजक पुढे केली, सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘आपकी बात बिलकुल सही है. मैं मालिक से पूछ के बताता हूँ.’

म्हणजे त्या अख्ख्या इमारतीत नकार द्यायचा अधिकार सगळ्यांना होता आणि होकार द्यायचा कुणालाच नव्हता. उलट आमच्याकडे सगळा अधिकार माझ्या एकट्याच्या हातात, तोही चेकबुकासकट टेबलावर मांडलेला.

हे हिच्या माझ्याआधी ध्यानात आलं. इतका वेळ ती गाडीचा आरसा खाली-वर करत बसली होती. ती येऊन खुर्चीत बसली आणि अगदी गरीब आवाजात पोराला म्हणाली, ‘अरे, तुझं सगळं पटतंय मला. पण पैसे लेक देतेय ना. तिला विचारावं लागेल.’

लेक एक छदाम देत नव्हती. तरी ही फोन घेऊन दाराबाहेर गेली, काचेतून पाठमोरी दिसली, मान हलवली आणि परत आली. ‘नाही म्हणतेय रे ती. मी तुझ्यासाठी खूप सांगून पाहिलं.’

पोरगा केबिनमध्ये गेला. ही दाराबाहेर गेली. महिन्याची अखेर होती, त्याच्या टार्गेटला दोन गाड्या कमी पडत होत्या, हे मावशीकडून हिला आदल्या रात्रीच कळलेलं. चारच्या सुमारास हँडलिंग गेलं, डॉक्युमेंटेशन गेलं, विमा बाहेरून घ्यायला सरांनी ‘खास केस’ म्हणून मान्यता दिली. फक्त गाडी सरलेल्या, म्हणजे 2025 सालात बनलेली घ्या म्हणाले. आरसीवर, म्हणजे नोंदणीच्या दाखल्यावर, बनावटीचा महिना आणि साल छापून येतं आणि विकताना पहिला प्रश्न त्याचाच निघतो. तेव्हा त्यावर लेकीने पुन्हा नकार दिला.

किट मात्र जागचं हललं नाही. ‘बसवलेलं काढता येत नाही, काकू.’

डिलिव्हरीच्या दिवशी त्यांनी गाडीवरचा लाल कपडा ओढला, केक कापला, खांद्याएवढी पुठ्ठ्याची किल्ली हातात देऊन फोटो काढला. टाकीत पेट्रोल जेमतेम पंपापर्यंत पोचेल एवढं. मग पोराने हळूच बाजूला घेऊन सांगितलं, ‘काकू, कंपनीतून फोन येईल. दहापैकी दहाच द्या हं. नऊ दिले तरी आमचा इन्सेंटिव्ह कापतात.’

‘नऊलासुद्धा?’ हिने विचारलं.

‘नऊ म्हणजे नापासच, काकू.’

हिने पर्समधून फोन काढला. ‘थांब हं, लेकीला विचारते.’

किटचे 14,999 परवा आमच्या खात्यात परत आले. गणपती त्यांनी राहू दिला.