त्युर्कोबाईंनी म्हणे आजीच्या गोष्टी उतरवून काढल्या!

एक मजकूर सारखा फिरतोय, की "कॅनडातल्या मारी-रोझ त्युर्को या बाईंनी क्यूबेकमधल्या आजीबाईंच्या गोष्टी हौस म्हणून उतरवून काढल्या, आणि त्या गोष्टी तरी काय, फ्रान्सच्या पेरोच्या पुस्तकातल्याच." एका वाक्यात इतकं चुकवायलाही कौशल्य लागतं.

बाईंचा जन्म क्यूबेकमधला, 1887, लॉरियरव्हिल. पत्रकारिता केली ती ओटावात, म्हणजे शेजारच्या इंग्रजीबहुल ऑन्टारियो प्रांतात, ल द्र्वा या फ्रेंच पेपरात. आणि हा पेपर निघालाच मुळी भांडायला, 1913 मध्ये, कारण आदल्या वर्षी ऑन्टारियो सरकारने 17 नंबरचा नियम काढून शाळेतलं फ्रेंच पहिल्या दोन इयत्तांपुरतं आवळलं होतं. अशा ठिकाणी बसून त्याच भाषेतल्या तोंडी गोष्टी गोळा करायच्या आणि वर हौशी म्हणवून घ्यायचं! बरं, 1920 पासून बाईंची स्वतःची पुस्तकं येत होती, ते वेगळंच.

पण मला खरं खटकलं ते 'आजीबाई'. आज्या सांगायच्या, नाही कोण म्हणतंय, पण ओटावाच्या समोर, नदीपलीकडे गातिनोच्या जंगलात हिवाळाभर लाकूडतोड्यांचे कँप पडायचे, शांतिये म्हणतात त्यांना, आणि तिथे रात्री शेकोटीपाशी गोष्ट रंगवणारे सगळे बाप्ये. उडत्या होडीची गोष्टच घ्या ना. नवीन वर्षाच्या आदल्या रात्री कँपातली पोरं सैतानाशी सौदा करून होडीत बसतात आणि आभाळातून थेट गावाला, मैत्रिणींकडे, अटी दोनच, वाटेत देवाचं नाव काढायचं नाही आणि चर्चच्या कळसावरच्या क्रॉसला होडी घासू द्यायची नाही. क्यूबेकचा लेखक ओनोरे बोग्राँने ही 1891 मध्ये पेपरात छापली, तिच्यात सांगणारा कोण? कँपातला स्वयंपाकी!

राहिला पेरो, सिंड्रेलाची गोष्ट लिहिणारा फ्रेंच लेखक. त्याच्या 1697 च्या पुस्तकात गोष्टी मोजून आठ, आणि तिकडच्या तोंडी गोष्टींचा लाडका हिरो ती-जाँ, म्हणजे आपला धाकटा जाँ, त्यात औषधालाही नाही. 1914 च्या सुमारास अमेरिकेतल्या फ्रान्झ बोआस या मानववंशशास्त्रज्ञाने कॅनडातला फ्रेंचभाषक अभ्यासक मारियुस बार्बोला विचारलं, तुमच्या लोकांच्या तोंडी जुन्या गोष्टी उरल्यात का हो, तिथून बार्बो कामाला लागला आणि ढिगाने सापडल्या. त्युर्कोबाई त्याच वाटेवरच्या, 1936 मध्ये त्यांचं राक्षस-पऱ्यांच्या गोष्टींचं पुस्तक आलं.

तेव्हा पुढे पाठवणाऱ्यांनी निदान 'आजीबाई' खोडून तिथे 'स्वयंपाकी' तरी घाला.