मेमकॉपीने युजरचा रेकॉर्ड कॉपी होत नाही

"गेटपीडब्ल्यूनॅमने दिलेलं स्ट्रक्चर मेमकॉपीने उचला, रेकॉर्ड तुमचा झाला. स्ट्रडपची गरज नाही, तिने प्रोग्राम उगाच मंदावतो. आर-वालं फंक्शन फक्त थ्रेड असतील तर." सी भाषेतला हा सल्ला सगळीकडे फिरतोय. (गेटपीडब्ल्यूनॅम नावावरून युजरचा रेकॉर्ड शोधून देतं, मेमकॉपी मेमरीतले बाइट जसेच्या तसे उचलते, स्ट्रडप मजकुराची वेगळी प्रत बनवते. आर-वालं म्हणजे गेटपीडब्ल्यूनॅम_आर, जे मजकूर तुम्ही दिलेल्या जागेत ठेवतं. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्राममध्ये एकाच वेळी चालणारी कामं.) माझ्या धाकट्या भावाने तो फाइलींचे मालक बदलणाऱ्या प्रोग्राममध्ये जसाच्या तसा वापरला, म्हणून लिहावं लागतंय.

"रेकॉर्ड तुमचा झाला": साफ चूक. या स्ट्रक्चरमध्ये नाव, होम डिरेक्टरी, शेल हे सगळे पॉइंटर, म्हणजे मजकुराचे मेमरीतले पत्ते, असतात. मेमकॉपी पत्ते उचलते, पत्त्यावरचा मजकूर तिथेच राहतो, लायब्ररीच्या बफरमध्ये, म्हणजे तिने राखलेल्या मेमरीत. करून बघा: रूट (मुख्य अ‍ॅडमिन युजर) शोधा, स्ट्रक्चर कॉपी करा, मग दुसरा कुठलाही युजर शोधा आणि आधीची कॉपी छापा. लिनक्सवर बहुधा यूआयडी (युजरचा क्रमांक) 0, म्हणजे रूटचाच, दिसेल आणि नाव त्या दुसऱ्याचं! अशा रेकॉर्डवरून चाऊन (फाइलचा मालक बदलणारं फंक्शन) चालवलं तर लॉगमध्ये नाव एकाचं आणि फाइलची मालकी भलत्याकडे. कंपायलर इशारा देत नाही, प्रोग्राम पडत नाही, आणि एकाच युजरवर चाचणी घेतली तर सगळं बरोबरच दिसतं. म्हणूनच हा सल्ला घातक आहे.

"फक्त थ्रेड असतील तर" हेही खोटं. पॉझिक्सच्या (युनिक्ससारख्या सिस्टिमसाठीच्या) मानकात स्पष्ट आहे: गेटपीडब्ल्यूनॅम, गेटपीडब्ल्यूयूआयडी (यूआयडीवरून शोधणारं) किंवा गेटपीडब्ल्यूएन्ट (एकेक रेकॉर्ड देत जाणारं) पुन्हा बोलावलं की आधीचं स्ट्रक्चर आणि त्याचा मजकूर दोन्ही पुसले जाऊ शकतात. त्यात थ्रेडची अट नाही. तुम्ही वापरलेल्या एखाद्या लायब्ररीने आतून ते बोलावलं तरी पुरे.

एवढं मात्र मान्य की यूआयडी आणि जीआयडी (गटाचा क्रमांक) हे आकडे आहेत, ते नीट कॉपी होतात. तेवढेच हवे असतील तर साधं असाइनमेंट चालेल.

आर-वालं फंक्शन वापरलं तरी मजकूर तुम्ही दिलेल्या बफरमध्येच असतो. बफर लोकल असेल आणि फंक्शन संपलं, तर पॉइंटर लटकलेच, म्हणजे ते आता नसलेल्या जागेकडे बोट दाखवतात. बफर अपुरा पडला तर ईरेंज हा एरर कोड येतो. बफर मोठा करून पुन्हा बोलवा.

मंदावण्याचं म्हणाल, तर अकाउंट शोधायला फाइल उघडावी लागते, कधी नेटवर्कवर जावं लागतं. त्यापुढे चार-पाच स्ट्रडप काहीच नाहीत. प्रत्येक स्ट्रिंगची स्ट्रडप करा, प्रत्येक वेळी नल (म्हणजे मेमरी मिळाली नाही) आलं का ते तपासा, आणि सोडताना आधी स्ट्रिंगा फ्री करा, मग स्ट्रक्चर.