जुलैतल्या जमिनीत जागा किती?

पावसाळ्यात हा मजकूर हमखास फिरतो: ‘मुंबई बुडते ती काँक्रीटमुळे. सोसायटी तिथं शोषखड्डा करा. पाणी मुरेल, पूर थांबेल.’ शोषखड्डे जरूर करा, उन्हाळ्यात दुवा द्याल. पुराचं मात्र वेगळं आहे.

‘जमीन पाणी पिईल.’ किती पिईल? मुंबईखाली मुख्यतः बेसॉल्ट आहे. झिजलेल्या, भेगाळ बेसॉल्टमध्ये पाण्याला जागा साधारण २ टक्के धरतात. म्हणजे १०० मिमी पाणी मुरलं की भूजल पाच मीटर वर चढतं. जूनच्या सरींना ती जागा मिळते. जुलैअखेर विहिरी तुडुंब असतात. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला. त्याचा दहावा हिस्सा जिरवायलाही साडेचार मीटरहून जास्त कोरडा खडक लागला असता. मिठीकाठच्या सखल भागात, ऐन जुलैत, तो कुठून आणायचा?

‘काँक्रीट नसतं तर निम्मं पाणी मुरलं असतं.’ गंमत म्हणजे मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था याच हिशेबावर उभी होती: ताशी २५ मिमी पाऊस, त्यातला निम्माच वाहून येणार. मुंबईच्या पावसाच्या पाण्याच्या निचऱ्यावरच्या १९९३च्या ब्रिमस्टोवॅड अहवालानं ताशी ५० मिमी धरले आणि सगळंच पाणी वाहणार असं मानलं. वाहिन्यांची रुंदी ठरवायला हे ठीक, पण पुराचा अंदाज बांधणाऱ्या गणिती मॉडेलला कुठलाच एक ठरीव आकडा पुरत नाही. तोच पाऊस जूनमध्ये मुरतो, जुलैत रस्त्यावर येतो. वाहणारा हिस्सा भूजलपातळीबरोबर बदलायला हवा. पावसाचं पाणी शहरात कसं वाहील याचं गणित मांडणाऱ्या ‘स्वॉम’ (SWMM) या मोफत सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी भूजलाचा स्वतंत्र भाग आहे. तो वापरायचा कंटाळा केला जातो, इतकंच.

‘मुरलं की सुटलो.’ नाही. वर आलेलं भूजल तळघरांत, लिफ्टच्या खड्ड्यांत पाझरतं, तडकलेल्या मलवाहिन्यांत शिरतं आणि पुढच्या सरीची जागा आधीच अडवून बसतं.

‘मग उपसा वाढवून जागा करा’ असंही कुणीतरी खाली जोडतंच. मऊ गाळावरच्या जकार्तात बेसुमार उपशानं जमीनच खचली. उत्तरेकडचे काही भाग आज समुद्रसपाटीखाली आहेत. आपला बेसॉल्ट तसा खचणार नाही, पण भर पावसात उपसलेलं पाणी सोडणार कुठं? त्याच तुंबलेल्या नाल्यात?

केंद्रीय भूजल मंडळाची निरीक्षण विहिरी मोजण्याची रूढ पद्धत वर्षातून चारदाची आहे. पुराच्या मॉडेलला जून ते सप्टेंबर रोजची पातळी लागते.