किक स्कूटरचं हेल्मेट माळ्यावर टाकायला लावणारा मेसेज

काल ताई फोनवर सहज म्हणाली, भाच्याचं हेल्मेट तिने माळ्यावर टाकलं. का, तर "मेसेज आलाय ना, तूही वाच." वाचला. 'किक स्कूटर : दुकानदार सांगत नाहीत अशा ५ गोष्टी'. किक स्कूटर म्हणजे मुलं उभं राहून एका पायाने ढकलतात ती, बिनमोटरची. भाचा सात वर्षांचा आहे, म्हणून हे लिहितेय, आणि चिडूनच लिहितेय.

पहिला मुद्दा : मोटर नाही, वेग नाही, मग हेल्मेट कशाला? फार तर मनगटाला गार्ड बांधा.

डोकं फुटायला स्कूटरचा वेग लागतच नाही. सव्वा मीटरवरून खाली पडणारी कुठलीही वस्तू ताशी जवळजवळ १८ किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळते. स्कूटरवर उभ्या असलेल्या मुलाचं डोकं साधारण तेवढ्याच उंचीवर असतं. त्यात चाक जेमतेम १०० मिलिमीटरचं. सायकल ज्या खड्यावरून सहज निघून जाते, त्याच खड्याला हे चाक अडतं. स्कूटर जागीच थांबते आणि मूल हँडलवरून पुढे फेकलं जातं.

अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, डिसेंबर २००० मध्ये नेमक्या बिनमोटरच्या स्कूटरांबद्दल अहवाल काढला होता. त्या वर्षाच्या पहिल्या दहा महिन्यांत तिथे अंदाजे २७,६०० जण जखमी होऊन इमर्जन्सी विभागात गेले. त्यातली सुमारे ८५ टक्के पंधरा वर्षांखालची मुलं होती. सर्वांत जास्त दुखापती हाताला झाल्या, पण चौथा हिस्सा डोक्याला आणि चेहऱ्याला. त्याच अहवालात हेल्मेट, कोपर आणि गुडघ्याचे पॅड वापरा असं सांगितलंय, आणि मनगटाचे गार्ड नकोत असंही, कारण ते घातल्यावर हँडल नीट धरता येत नाही आणि वळवता येत नाही. म्हणजे मेसेजवाल्याने जे काढायला सांगितलं ते हवं, आणि जे बांधायला सांगितलं ते नको! आठ वर्षांखालच्या मुलांवर मोठ्यांचं बारीक लक्ष हवं, हेही त्यात आहे. ताई, हे तुझ्यासाठी.

दुसरा : चाक जड फिरलं की स्वयंपाकाचं तेल ओता.

भाच्याच्या स्कूटरवर हा प्रयोग झालाय. मागचं चाक मी काल उघडलं, तर आत काळा चिकट लगदा. हे तेल हवेने घट्ट होतं, धूळ धरून ठेवतं, आणि ती धूळ बेअरिंगच्या, म्हणजे चाक ज्यावर फिरतं त्या कडीतल्या, गोळ्या घासत राहते. बेअरिंग काढा, पुसा, सील (बाजूचं झाकण) निघत असेल तर आतून धुऊन पूर्ण वाळवा, मग हलक्या मशीन ऑइलचे दोन थेंब. बहुतेक स्कूटरना ६०८ नंबरचं बेअरिंग असतं, आतून ८ आणि बाहेरून २२ मिलिमीटर. खराब झालं तर सरळ बदला. आणि दोन बेअरिंगांमधली ती छोटी नळी हरवू नका. ती नसेल तर बोल्ट आवळताच चाक जाम होतं, आणि लोक पुन्हा तेलच ओततात.

तिसरा, बेअरिंगचा एबेक (ABEC) आकडा मोठा म्हणजे स्कूटर वेगवान. नाही. तो आकडा बेअरिंगच्या मापातला काटेकोरपणा सांगतो, वेग नव्हे.

चौथा, ढकलणारा पाय लांब होतो. ढकलल्याने हाड लांब होत नाही. मात्र कायम एकाच पायाने ढकललं तर उभा राहणारा दुसरा पाय जास्त शिणतो, हे खरं आहे. नाइलाजाने मान्य करते. म्हणून अधूनमधून पाय बदलायची सवय लावा.

पाचवा : मागच्या मडगार्डच्या ब्रेकला देखभाल लागत नाही. लागते. त्याचा स्क्रू ढिला होतो, पत्रा झिजतो, आणि चाक ओलं असलं की ब्रेक धरतच नाही. शिवाय हा ब्रेक चाकावर घासूनच थांबवतो, त्यामुळे लांब उतारानंतर पत्रा चटका बसण्याइतका तापतो. भाच्याच्या मडगार्डचा स्क्रू मी कालच आवळलाय. हेल्मेट मात्र अजून माळ्यावरच आहे.