उलट बोलतो म्हणे

आज शाळेतून बोलावणं आलं. तक्रार काय, तर माझा मुलगा उलट बोलतो. काय बोलला? "मॅम, पंखा खडखडतोय, मला लिहिता येत नाही. मी तिकडे बसू का?" नऊ वर्षांचा ऑटिस्टिक मुलगा स्वतःहून एवढं बोलला, आणि डायरीत लाल शाईनं शेरा आला, 'अ‍ॅडजस्ट करायला शिकवा.' राजेंद्रनगरला घरी पोचेपर्यंत डोळ्यांतलं पाणी थांबलं नाही.

सलूनचं सांगते. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मी आणि याचे बाबा त्याचे हात धरून केस कापवायचो. मशीन कानाशी आली की तो किंचाळायचा, आणि आम्ही आपले, झालं झालं, दोनच मिनिटं! थेरपीच्या ताईंनी एक लाल कार्ड करून दिलं, थांबा म्हणणाऱ्या हाताचं चित्र असलेलं. त्यानं ते पहिल्यांदा वर धरलं आणि सलूनवाल्या दादांनी खरंच मशीन बंद केली. "बोल भिया, कब चालू करूँ?" यानं दहा आकडे मोजले, मान हलवली. सहा वेळा कार्ड वर गेलं, सहाही वेळा मशीन थांबली. हात कुणी धरले नव्हते.

वर्गात चाळीस मुलं सांभाळणं सोपं नाही, मान्य. पण जागा बदलायला किती वेळ लागतो हो?

2016 च्या दिव्यांगजन अधिकार कायद्यातल्या 21 प्रकारांत ऑटिझम आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, सगळं कलम 17 मध्ये लिहिलंय. सीबीएसईत तासाला 20 मिनिटं जास्त मिळतात. पण पेपर चालू असताना 'मला त्रास होतोय' हे त्यालाच सांगावं लागणार ना? मी काय जन्मभर वर्गाबाहेर उभी राहू? आणि मोठ्यांचं सगळं मुकाट ऐकायला शिकवलेल्या पोराला उद्या कुणी नको तिथे हात लावला, तर 'नको' म्हणायचं त्याला सुचेल कसं?

बाईंवर चिडलेय खरी, पण सलूनमध्ये ते हात मीच धरले होते. पाच वर्षं. तो ओरडून सांगतच होता, मला ते सांगणं वाटलं नाही, हट्ट वाटला.

आत्ता तो आजीजवळ बसून बाईंना हिंदीत चिठ्ठी लिहितोय. आजीनं विचारलं, "सॉरी लिहायचं का रे त्यात?"

"नको. पंख्याचं लिहायचंय."