अंगठा उठवला म्हणून हक्क जात नाही

कामगारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेले काही महिने एक मेसेज फिरतोय. सुपरवायझर पाठवतात आणि कामगारही तो भावकीत पुढे ढकलतात. मेसेज असा: ‘कामावर लागलं आणि चूक तुमची असेल तर कायद्याने काही मिळत नाही. काँट्रॅक्टच्या माणसाला तर नाहीच. गेटच्या बाहेर झालं तर कंपनीचा संबंध नाही. मालक दवाखान्याचं बिल भरतो तेच खूप. एकदा लिहून दिलं की विषय संपला.’

भोसरी-चाकण पट्ट्यात जखमी कामगारांच्या दाव्याचे कागद जुळवायला मी मदत करतो. असल्या मेसेजवर विश्वास ठेवून माणसं घरी बसतात, आणि दाव्याची 2 वर्षांची मुदत उलटल्यावर आमच्याकडे येतात. उशीर माफ होऊ शकतो, पण त्यासाठी सबळ कारण दाखवावं लागतं. म्हणून यातलं एकेक वाक्य घेतो.

‘चूक तुमची असेल तर काही मिळत नाही.’ सगळ्यात जास्त नुकसान या वाक्याने केलंय. 1923 चा नुकसानभरपाई कायदा चूक कोणाची हे विचारतच नव्हता, आणि त्याच्या जागी आलेली सामाजिक सुरक्षा संहिताही विचारत नाही. इजा कामामुळे आणि कामावर असताना झाली का, एवढंच बघितलं जातं. पॉवर प्रेसवर (पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर) दहाव्या तासाला डोळा लागला, डायमधून (साच्यातून) हात काढायला क्षणभर उशीर झाला, तरी भरपाईचा हक्क राहतो. अपवाद मोजके आहेत: दारू किंवा नशेमुळे झालेला अपघात, सुरक्षेसाठी दिलेला स्पष्ट हुकूम जाणूनबुजून मोडणं, सुरक्षेचं साधन मुद्दाम काढून टाकणं. हे घडलं असं सिद्ध करायचं काम मालकाचं. शिवाय कामगाराचा मृत्यू झाला किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं, तर या सबबीही चालत नाहीत. काम भरभर निघावं म्हणून सुपरवायझरनेच प्रेसचा सुरक्षेचा सेन्सर बंद करायला लावला असेल, तर तो दोष कामगाराच्या माथी मारता येत नाही. हे मी मुद्दाम लिहितोय, कारण बोट गमावलेली पोरं माझ्यासमोर बसून पहिलं वाक्य हेच बोलतात, ‘दादा, चूक माझीच होती.’

‘काँट्रॅक्टच्या माणसाला नाहीच.’ साफ खोटं. काँट्रॅक्टरने आणलेला माणूस कंपनीच्या नेहमीच्या कामावर असेल, तर भरपाई मूळ कंपनीकडून मागता येते, कंपनीने ती नंतर काँट्रॅक्टरकडून वसूल करावी. नैमित्तिक, म्हणजे अधूनमधून बोलावलेल्या कामगाराला वगळणारे शब्दही 2000 च्या दुरुस्तीने गेले.

‘गेटच्या बाहेर संबंध नाही.’ आपल्याच राज्यातल्या एका साखर कारखान्याचा वॉचमन 2003 मध्ये पहाटे 3 च्या ड्युटीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्याच्या 5 किलोमीटर अलीकडे अपघातात गेला. त्याच्या कुटुंबाचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये मान्य केला. अर्थात, प्रवासाची वेळ, ठिकाण आणि परिस्थिती यांचा कामाशी धागा जुळावा लागतो. 21 नोव्हेंबर 2025 पासून 1923 च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. तिच्यात जाण्यायेण्यातला अपघात थेटच धरलाय, आणि चूक न बघण्याचं मूळ तत्त्वही कायम आहे.

‘बिल भरतो तेच खूप.’ उपचाराचा खर्च 2009 च्या दुरुस्तीपासून मालकाकडेच आहे, आणि भरपाई त्याहून वेगळी. एक हिशोब दाखवतो. 2023 साली आमच्याकडे एक 25 वर्षांचा मुलगा आला. प्रेसमध्ये उजव्या हाताची दोन बोटं मुळापासून गेलेली, पगार 18,000. कायद्याने पगार 15,000 पर्यंतच धरला जायचा. कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी त्याचे 60 टक्के म्हणजे 9,000, त्याला कायद्याने वयाच्या 25 व्या वर्षासाठी ठरवलेला गुणक 216.91. झाले 19,52,190 रुपये. एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची क्षमता 20 टक्के कमी झाली असं कायद्याचं परिशिष्ट सांगतं, म्हणून भरपाई 3,90,438 रुपये. महिन्याभरात पैसे दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि योग्य कारण नसेल तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. त्या मुलाला मालकाने बिल भरून वर 15,000 रुपये रोख दिले होते.

ईएसआयसीत, म्हणजे कर्मचारी राज्य विमा महामंडळात नाव असेल तर मात्र दावा तिकडेच करायचा. तिथे बरं होईपर्यंत रोजच्या पगाराच्या 90 टक्के रक्कम मिळते आणि कायमची इजा असेल तर पेन्शन. कामाचा पहिलाच दिवस असला तरी अडत नाही. हॉस्पिटलमध्ये ‘जिन्यावरून पडला’ असं कोणी लिहून घेत असेल तर तिथेच थांबवा, मशीनवर लागलं हेच केसपेपरवर आलं पाहिजे.

‘लिहून दिलं की संपलं.’ त्याच मुलाचा कागद सांगतो. अपघाताच्या चौथ्या दिवशी वॉर्डात 100 रुपयांचा स्टॅम्पपेपर आणला गेला. मुलगा बारावी पास, सही येते, पण उजवा हात मनगटापर्यंत बँडेजमध्ये. म्हणून डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. मजकूर होता: ‘आपल्या कंपनीत प्रेसवर काम करताना माझ्या निष्काळजीपणामुळे इजा झाली. माझी कोणतीही तक्रार नाही.’

कायद्याने असा कागद रद्दबातल असतो. भरपाईचा हक्क सोडून देणारा करारच चालत नाही. तडजोड करायची तर ती भरपाईचे दावे ऐकणाऱ्या आयुक्तांकडे (नव्या संहितेत सक्षम प्राधिकाऱ्यांकडे) नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. मृत्यूच्या भरपाईची रक्कमही त्यांच्याकडेच जमा करावी लागते, तीन महिन्यांच्या पगाराएवढी उचल सोडली तर कुटुंबाच्या हातात परस्पर ठेवलेले पैसे भरपाईत धरत नाहीत.

दावा लागल्यावर मालकाने लेखी उत्तर दिलं की हा मुलगा आमच्याकडे कधी कामालाच नव्हता. तो स्टॅम्पपेपर मालकाच्या कपाटात होता, पण मुलाच्या भावाने अंगठा उठवण्याआधी मोबाईलवर त्याचा फोटो काढून ठेवला होता. ‘आपल्या कंपनीत प्रेसवर काम करताना’ हे शब्द त्यात स्वच्छ वाचता येत होते. तोच फोटो आम्ही दाव्याला जोडला.